परिस्थिती पाहायला आलेले पाहुणे

"गरिबी दाखवायले काय लागते? ती तर आपल्या घरी भरपूर आहे!"

गिरधर फोनवर असा काही गरजला, की बाहेर बसलेली कोंबडी उठून पळाली. फोनच्या पलीकडे त्याची मुलगी शीतल होती, आणि ती कपाळाला हात लावून बसली असणार, हे तुकईथड गावात बसूनही कळत होतं.

गोष्ट तशी साधी होती. शीतल बुऱ्हानपूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेली होती. तिथल्याच लालबाग भागात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. कॉलेजनं गरजू मुलांसाठी काम काढलं होतं. तास संपले की रोज दोन तास ग्रंथालयात बसायचं, पुस्तकं द्यायची, घ्यायची, कपाटं लावायची. त्याबदल्यात फी माफ, वर महिन्याला हातखर्च. जागा चार आणि अर्ज सव्वीस! म्हणून कॉलेजची माणसं प्रत्येकाच्या घरी जाऊन परिस्थिती पाहणार होती. रविवारी तुकईथडची पाळी.

"बाबा, नीट ऐका," शीतल म्हणाली. "तुम्ही काहीच करू नका. घर जसं आहे तसं राहू द्या. चहा द्या, बस. हे काम मिळालं तर माझं शिक्षण चालू राहील. नाही मिळालं तर नाव कटेल आणि मी घरी. समजलं ना?"

"समजलं! काहीच करायचं नाही, एवढंच ना? ते मले चांगलं जमते. तू टेन्शन नको घेऊ!"

त्या क्षणी गिरधर अगदी खरं बोलत होता. हे त्याच्या बाजूनं सांगून ठेवलेलं बरं.

शुक्रवारी तो नेहमीसारखा उखर्डूदादांच्या बागेत गेला. दादांची दहा एकर केळी. गिरधर वीस वर्षं तिथे घड कापत होता, खांद्यावर वाहून गाडीत भरत होता. केळीचा चीक असा बेरकी, की कपड्यावर पडला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. गिरधरकडे बिनडागाचा सदरा नव्हताच.

"दादा, रविवारी मले सुट्टी पायजे."

"कायले रे?"

आता उत्तर एका ओळीचं होतं. मी किती गरीब आहे ते पाहायला माणसं येताहेत. पण तुम्हीच सांगा, हे तोंडातून काढायचं कसं? घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, अशातला गिरधर नव्हता. बाजीराव कोणी म्हणू नये, पण गरीबही म्हणू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. वीस वर्षांत त्यानं दादांकडे कधी उचल मागितली नाही, की कोणाच्या लग्नात आहेर चुकवला नाही.

"ते... पाहुणे येऊन राहिले," तो म्हणाला. "बुऱ्हानपूरहून. शीतलचं घर पाहायले."

दादांचा कोयता हवेतच थांबला. "किती जण?"

"दोघं. एक सर आहेत, एक मॅडम."

"मास्तरांचं घर? वा रे पठ्ठ्या! आणि इतके दिवस बोलला नाही!"

दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गिरधरच्या लक्षात आलं, की दादांनी हे स्थळ समजलं. इथंच त्यानं तोंड उघडायला हवं होतं. पण थाप मोठी प्रेमाची होती, आणि 'स्थळ' म्हटलं की मान ताठ ठेवता येत होती. हो-नाही करत त्यानं पुढचा घड खांद्यावर घेतला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं.

रविवारी सकाळी आठ वाजता दादांचा सोफा आला. चौघांच्या खांद्यावर, मिरवणुकीसारखा! तो दारातून आत जाईना, तेव्हा दाराची एक फळी काढली. मागोमाग शेजारच्या कोकिळाबाईचा फ्रिज आला, हातगाडीवर. मग कोणाचा कुलर, कोणाचा गालिचा, कोणाचं काचेचं कपबशांचं कपाट. घरात बोर्ड एक आणि त्यात भोक एक. म्हणून कुलर चालू ठेवायचा आणि फ्रिज नुसता उभा करायचा, असं ठरलं.

"अहो, शीतल काय बोलली होती?" मालूबाईनं नवऱ्याला चुलीपाशी गाठलं. "सांगा ना यांना खरं काय ते!"

"आता कसं सांगू? एवढ्या मायेनं आणून राहिले लोक!"

"तुम्हाला सांगता येत नसेल तर मी सांगते." मालूबाई पदर खोचून बाहेर आली. पण कोकिळाबाई समोरच उभी होती. तिनं स्वतःच्या गळ्यातली सोन्याची पोत काढली आणि मालूबाईच्या गळ्यात घातली. "ताई, शीतल माझी पण पोरच आहे. आपल्या गल्लीची पोर आहे. पाहुण्यांनी नाक मुरडता कामा नये!" असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मालूबाईचे शब्द त्या पोतीखाली अडकले ते अडकलेच.

गिरधरला कोकिळाबाईच्या नवऱ्याचा पांढरा शुभ्र सदरा चढवला. खिशाला पेनही होता. गळ्याशी तो इतका आवळत होता, की गिरधरला होकार देता येत होता, नकाराला मान हलतच नव्हती.

अकराला जीप आली. पुढे दिगंबर सर, मांडीवर फाईल. मागे समितीच्या प्रमुख चारुलता मॅडम आणि रस्ता दाखवायला शीतल. शीतल उतरली आणि जागच्या जागी थिजली. दारात रांगोळी. आत सोफा. सोफ्याच्या मागे फ्रिज. फ्रिजवर प्लास्टिकची फुलं!

"बाबा, हे काय?"

"नमस्कार, नमस्कार! या, बसा!" गिरधर तिच्या डोक्यावरून पाहुण्यांना म्हणाला. तिच्याकडे पाहायची त्याची हिंमत नव्हती.

शीतल काही बोलणार, तोच कोकिळाबाईनं तिला दंडाला धरून आत ओढलं. "पोरीनं अशा वेळी बोलू नये वो!"

"काकू, अहो, तुम्हाला वाटतंय तसं—"

"मले सगळं माहीत आहे. पदर धर!"

इकडे सर सोफ्यावर बसले ते वीतभर आत गेले. त्यांनी फाईल उघडली. "घरी फ्रिज, कुलर आहे का?"

"आहे ना! दिसून नाही राहिलं का?" दारातून पाच-सहा आवाज एकदम आले.

सरांनी लिहिलं.

"शेतजमीन?"

गिरधरनं घसा साफ केला. "साहेब, जमीन म्हणजे—"

"दहा एकर!" उखर्डूदादा ठासून म्हणाले. "सगळी केळी. वर बोअर आहे. माझ्या बागेला लागूनच आहे."

लागून म्हणजे इतकी लागून, की दोन्हीचा सातबारा एकच. पण सरांनी तेही लिहिलं. ते जसजसे लिहीत गेले तसतशी गल्ली फुलत गेली. "लिहून घेऊन राहिले! म्हणजे मनावर घेतलं!" कोणीतरी कुजबुजलं.

एवढ्यात आतून शीतल आली. अंगावर कोकिळाबाईची पोपटी साडी, हातात ट्रे, ट्रेमध्ये पोहे आणि गोडाचा दराबा, आणि चेहरा असा, की आता ट्रे कोणाच्या डोक्यात घालू! सर तिच्याकडे बघतच राहिले. जीपमध्ये ही मुलगी सलवार-कमीजमध्ये होती.

"दराबा घरीच केला तिनं," कोकिळाबाई म्हणाली. "साजूक तुपातला. बरं, मॅडम, मुलाला नाही आणलं सोबत?"

"कोणत्या मुलाला?" चारुलता मॅडमनी विचारलं.

"घ्या! कोणत्या म्हणता! नवऱ्या मुलाला वो! पोरीनं पाहिला नसेल ना अजून?"

मॅडमनी चमचा खाली ठेवला. पोपटी साडी पाहिली, रांगोळी पाहिली, बंद फ्रिज पाहिला. मग त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. सरांना मात्र यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी फाईल मिटली.

"गिरधरजी, घर पाहून आनंद झाला. पण आमचं काम गरजू मुलांसाठी आहे. देवाच्या दयेनं तुमची परिस्थिती उत्तम आहे. शीतलच्या नावावर काट मारावी लागेल."

गल्लीला यातलं फक्त 'परिस्थिती उत्तम' ऐकू आलं. बाहेर टाळ्या पडल्या!

आत मात्र शीतलनं ट्रे घट्ट धरला. ती रडली असती तर गिरधरला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. बापाकडे बघत उभी राहिली, आणि बोललीही नाही. ती बोलली असती तर भर गल्लीत बाप खोटा पडला असता. पोरगी स्वतःचं कॉलेज घालवत होती आणि बापाची अब्रू झाकत होती. गिरधरला ते कळलं आणि त्याची त्याला अशी लाज वाटली, की तेवढी गरिबीचीही कधी वाटली नव्हती.

त्यानं गळ्याशी हात नेला आणि सदऱ्याचं बटण काढलं.

"साहेब, थांबा. फाईल उघडा. आता मी सांगतो ते लिवा."

"काय?"

"तुम्ही बसले तो सोफा उखर्डूदादांचा. फ्रिज कोकिळाबाईचा. कुलर समोरच्यांचा, गालिचा त्यांच्या मागच्यांचा. शीतलच्या मायच्या गळ्यात पोत आहे, तीपण कोकिळाबाईची. कपबश्या कोणाच्या आहेत ते मले पण माहीत नाही. अन् हा सदरा..." त्यानं सदरा काढलाच. आत बनियन होतं, केळीच्या चिकानं काळवंडलेलं, खांद्यावर विरलेलं. "हे माझं आहे. हे बनियन माझं आहे."



"आणि दहा एकर जमीन?" सरांनी हळूच विचारलं.

"दादांची. मी त्यात घड कापतो, वीस वर्षांपासून. काम असलं तर रोजी, नसलं तर नाही. माझ्यापाशी काही नाही, साहेब. मी गरीब आहे." शब्द बाहेर पडला आणि गिरधरला आश्चर्य वाटलं, की घराचं छप्पर होतं तिथंच आहे. "हे मले सांगता नाही आलं म्हणून हा सगळा तमाशा झाला. पोरीनं तर सांगितलं होतं, काहीच करू नका म्हणून."

तेवढ्यात कोकिळाबाईनं कपाळावर हात मारला.

"अरे भाऊ! कायले सांगितलं? जमत आलं होतं ना!"

"काय जमत आलं होतं?" सर आता रडकुंडीला आले होते.

उखर्डूदादा पुढे आले. "साहेब, जमिनीचं खोटं मी बोललो, यानं नाही. पोरीचं भलं होते म्हटल्यावर दोन-चार एकर इकडेतिकडे करायले माणूस कायले भिते? पण गिरधर खरं बोलून राहिला. पोर हुशार आहे. पोरीले नाही म्हणू नका."

चारुलता मॅडम उठल्या. त्यांनी सरांच्या हातातून फाईल घेतली, लिहिलेल्या पानावर एक तिरपी रेघ ओढली आणि खाली दोन ओळी लिहून सही केली. मग त्या दारात आल्या. बाहेर सगळी गल्ली श्वास रोखून उभी होती.

"आम्हाला मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सोमवारपासून पाठवून द्या."

"उद्या?" कोकिळाबाई किंचाळली. "आणि मुहूर्त?"

शीतलनं ट्रे तसाच फ्रिजवर ठेवला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. गिरधर बनियनवर उभा, तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. पोरीच्या पोपटी साडीला चिकाचा डाग लागेल की काय, याचीच त्याला काळजी, कारण साडी कोकिळाबाईची होती.

जीप शीतलला घेऊन गेली. दुपारभर गल्लीत सामान उलट्या पावली जात होतं. सोफा पुन्हा दारात अडकला. दाराची दुसरी फळीही काढावी लागली, आणि ती दादांनी स्वतः बसवून दिली. जाताना ते गिरधरला फक्त एवढंच म्हणाले, "उद्या कामावर ये. आणि अडचण असली की सांगत जा रे. तोंड काय नुसतं भाकर खायले आहे का?"

कोकिळाबाई सगळ्यांत शेवटी आली, पोत न्यायला. मालूबाईनं तिला चुलीपाशी बसवलं, चहा दिला आणि पहिल्यापासून सगळं नीट समजावून सांगितलं. हे स्थळ नव्हतं. कॉलेजचं काम होतं. कोकिळाबाई ऐकत होती. चहा निवून गेला तरी ती ऐकत होती.

"थांब, मले पुन्हा सांग," ती म्हणाली. "काम रोज दोनच तास?"

"हो."

"बाकी वेळ पुस्तकं वाचायची?"

"हो."

"आणि पैसे आपण नाही द्यायचे, तेच देणार?"

"हो ना वो!"

कोकिळाबाईनं पोत गळ्यात घातली नाही. मुठीत धरून बसली. तिची रश्मी बारावीला होती. येत्या उन्हाळ्यात उरकून टाकू, असं नवऱ्यानं म्हटलं होतं, आणि दोन ठिकाणी पत्रिकाही गेली होती.

"मालूताई," ती आवाज खाली आणून म्हणाली, "असं स्थळ असेल तर आमच्या रश्मीचं पण बघायले सांग ना त्या मॅडमले. आणि त्यांना म्हण, यायच्या दिवशी आधी फोन करा. मी सगळं सामान तुमच्या घरी आणून ठेवते!"