बिबट्या, पाव्हणे आणि सुदर्शनचा फ्लॅश

सयाजीच्या अंगणालगत वन खात्याने ‘बिबट्यापासून सावध राहा’ असा फलक लावला होता. त्याच्या बायकोने, कुशाबाईने, सकाळीच त्या फलकावर गोधडी वाळत घातली.

आज पाव्हणे त्यांच्या मुलाचं, सुदर्शनचं, घर बघायला येणार होते. आधीची तीन स्थळं ‘पोरगा झ्याक, पण दारात वाघ’ म्हणून मोडली होती. हे चौथं चाकणचं. त्यामुळे गावाची, निमगाव साव्याची, हकिकत मुलीच्या वडिलांपर्यंत, चिमाजींपर्यंत, पोहोचली नसावी अशी आशा होती.

“वाघाचं नाव कुनी काढायचं न्हाई,” सयाजीने बजावलं. “आन् सुदर्शन, फोनातलं ते फोटू पुसून टाक.”

सुदर्शनला सुपारीचंही व्यसन नव्हतं. पण संध्याकाळी बिबट्या उसाच्या बांधावर येऊन बसला, की तो फ्लॅश मारून फोटो काढायचा. प्रत्येक फोटोत काळोख आणि दोन हिरवे बल्ब. असे दोनशे बल्ब त्याने जड मनाने पुसले.

चारला येणारे पाव्हणे रस्त्यात अडकले आणि दिवस मावळताना पोहोचले. ओट्यावर चहा आला. चिमाजींची मुलगी अश्विनी कप हातात धरून उसाकडे बघत होती.

“बांधावर काय बसलंय ते?”

“कुत्रं,” सयाजी म्हणाला.

“एवढं मोठं?”

“खाऊनपिऊन सुखी हाय,” कुशाबाईने सावरलं.

चिमाजी डोळे बारीक करून म्हणाले, “ठिपके हायेत की वं त्याला.”

“चिखल उडालाय. उसाला पाणी चालू हाय ना.”

कुत्र्याने जांभई दिली. आता ते उठून गेलं असतं, तर सोयरीक झालीच होती. पण सुदर्शनचा हात सवयीने खिशात गेला, आणि लख्खकन उजेड पडला.

बिबट्या दचकून उडाला, तो उसात जायचा सोडून थेट अंगणात. तिथून चिमाजींच्या गाडीवर. गाडी बोंबलायला लागली. त्या आवाजाने तो गोधडीवर कोसळला, आणि गोधडीसकट ऊस गाठला. मागे फलक तेवढा उभा राहिला, पाव्हण्यांकडे तोंड करून.

“अश्विनी, गाडीत बस!” चिमाजी ओरडले.

अश्विनी जागची हलली नाही. ती सुदर्शनकडे बघत होती.

“फ्लॅश कशाला मारलात?”

“उजेड कमी व्हता.”

“म्हणून त्याच्या डोळ्यात? अंधारात बाहुली मोठी झालेली असते. उजेड पडला की पुढचं काही दिसत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते मी, रोज बघते. तो बिचारा आंधळ्यासारखा पळाला, म्हणून आमच्या गाडीवर आला.”

“तसं न्हाई वं, त्यांना काय हुतंय...”

“द्या फोन. बसा. माझ्याकडं बघा.”

तिने फ्लॅश मारला. सुदर्शनने चाचपडत कप उचलायला हात पुढे केला आणि चिमाजींचा गुडघा धरला.

“आता काय दिसतंय?”

“तुमी,” सुदर्शन म्हणाला. “पन दोन दिसताय.”

“अगं बया!” कुशाबाईने कपाळावर हात मारला. “हितं एक मिळंना, आन् ह्याला दोन दिसाया लागल्या!”

अश्विनीने हसू दाबायचा प्रयत्न केला. ते काही दाबलं गेलं नाही.

“सकाळपर्यंत उतरेल,” फोन परत देत ती म्हणाली. “नाहीच उतरलं, तर चाकणला या. तपासू.”

चिमाजी एव्हाना गाडीत बसून, काचा वर करून हॉर्न वाजवत होते.

सकाळी सुदर्शनने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लांबून येणाऱ्या एसटीची पाटी खडाखडा वाचली.

“आरं, डोळं तर बरं हायेत की तुझं!” सयाजी म्हणाला. “मग चाकणला कशाला?”

“गप बसा तुमी,” कुशाबाईने नवऱ्याला मागे ओढलं. “आजून दोनच दिसत्यात त्याला.”