सोल्युशन वाळेपर्यंत

कारकुनाला खोटं बोलणं जमत नसे, म्हणून तो आपल्या मोटरसायकलचं चाक खरोखरच पंक्चर करायचा. दर दहा-बारा दिवसांनी ऑफिस सुटलं की डब्याच्या पिशवीतला खिळा काढायचा, मागच्या चाकात घुसवायचा आणि गाडी ढकलत घराजवळच्या गॅरेजात न्यायचा. “पंक्चर. मोठा खिळा होता,” एवढंच घरी सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं असायचं.

पंक्चरशिवाय दुसऱ्या कुठल्याही कारणाने उशीर झालेला बायकोला खपत नसे. इकडे गॅरेजात ‘काम नसताना बसू नये’ अशी पाटी होती. ती गॅरेजवाल्या उस्तादने रिकामटेकड्यांसाठी स्वतः रंगवली होती, त्यामुळे ती मोडायची त्यालाच लाज वाटे.

हा सगळा खटाटोप बुद्धिबळासाठी. उस्तादने ट्यूबला सोल्युशन लावायचं आणि ते वाळेपर्यंत दोघांनी खेळायचं. अकरा वर्षांत कारकून एकदाही जिंकला नव्हता. आता मात्र चार महिने रखडलेल्या डावात उस्तादचा राजा कोपऱ्यात सापडला होता. कारकुनाला झोपेतही तो कोपरा दिसायचा.

नेमका त्याच आठवड्यात मेहुणा आला.

“दाजी, तुमच्या पंक्चरांना ताई वैतागलीय. दोन्ही चाकांत सीलंट भरलंय. भोक पडलं की आतल्या आत बुजणार.”

“कायमचं?” कारकुनाने कसंबसं विचारलं.

“वर्षभर तरी पंक्चर विसरा.”

दुसऱ्या दिवशी कारकुनाने खिळा ठोकला आणि उपसला. हिरवा थेंब आला, भोक बुजलं. सात ठिकाणी ठोकून पाहिला. चाक जसंच्या तसं टणक. शेवटी तो गाडीवर बसूनच गॅरेजात गेला, आणि ते त्याला फार अपमानाचं वाटलं.

“उस्ताद, हवाच जात नाही.”

“मग साहेब, बसता नाही येणार.” उस्तादने पाटीकडे पाहिलं, मग टायरांच्या ढिगामागच्या पटाकडे. त्याचाही जीव तुटत होता. “मागच्या चाकाचं दातेरी स्प्रॉकेट बदलायचं का? जास्त दातांचं टाकू. चेन रॉकेलमध्ये भिजत ठेवावी लागते, अर्धा तास जातो.”

“किती दात?”

“खेळायचं किती आहे?”

त्या दिवशी अडतिसाचे बेचाळीस दात झाले, आणि घरी त्याने तेवढंच सांगितलं. उस्तादचा राजा निसटला. पुढच्या आठवड्यात बेचाळिसाचे अठ्ठेचाळीस झाले, तरी राजा जिवंतच. गाडीत आता भिंत चढायची ताकद आली होती, पण पळायच्या नावाने बोंब. इंजिन गळा काढून रडायचं आणि काटा पंचविसाच्या पुढे सरकायचा नाही. आवाज ऐकून लोक गॅलरीत यायचे, वाट बघून कंटाळून आत जायचे, आणि मग कारकून यायचा. सायकलवरच्या एका आजोबांनी त्याला मागे टाकताना “काही मदत हवी का?” असंही विचारलं.

बायको तो आवाज दूरवरून ओळखू लागली होती. तिसऱ्या वेळी तो गॅरेजपाशी येऊन थांबला, तशी ती चपला घालून निघाली.

“आणखी दात बसवलेत तर गाडी मागे जाईल,” ती दारातून म्हणाली. दोघेही शाळेतल्यासारखे उठून उभे राहिले. चेन रॉकेलमध्ये पडली होती आणि मध्ये उलट्या घमेल्यावर पट. तिने पट पाहिला. बराच वेळ पाहिला.

“पांढरे कुणाचे?”

“माझे,” कारकून पुटपुटला.

“मग हा घोडा इथे काय करतोय?” तिने तो उचलून पुढे ठेवला. “शह.”

उस्तादने राजा सरकवला. तिने वजीर आणला. उस्ताद डोकं खाजवत राहिला, आणि मग त्याने हात पुसून राजा आडवा केला.

“वहिनी, कुठे शिकलात?”

“माहेरी. भाऊ हरून हरून खेळायचा बंद झाला. इथे मला कुणी विचारलंच नाही.”

कारकुनाला आनंद झाला नाही. अकरा वर्षं ज्या विजयासाठी त्याने चाकं फोडली, तो दोन चालींत झाला होता आणि त्याचा नव्हता.

पुढच्या गुरुवारी तिने गाडीची किल्ली घेतली. “जरा भाजी आणते.” कारकुनाने खिडकीतून आवाज ऐकला. तो गॅरेजपाशी थांबला तो थांबलाच. दोन तासांनी ती परतली. बोटांना काळं लागलं होतं, पिशवी रिकामी होती.

“उशीर?” कारकुनाने विचारलं.

“पंक्चर.”

“सीलंट असताना?”

“मोठा खिळा होता,” ती म्हणाली आणि गुणगुणत हात धुवायला गेली.