काटा बसू दे

घरतदादा कुणाच्या घरी गेले की चपला काढायच्या आधी पिशवीतून ऑक्सिजनचा मीटर काढत. काट्याचा, नळीवाला, ट्रान्झिस्टरएवढा. नळी उंबऱ्याच्या आत धरायची, काटा थांबेपर्यंत आपणही थांबायचं, मग "वीस पॉइंट नऊ, ठीक हाय," असं म्हणून आत यायचं. यजमान तोवर पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभा. हवेत ऑक्सिजन सगळीकडे तेवढाच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मोजल्याबिगर श्वास घेणं म्हणजे त्यांच्या मते न बघता विहिरीत उडी मारणं.

नौदलात पाणबुड्या म्हणून नोकरी करून ते परतले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे त्यांनी शेड टाकली. बंदरावर जेट्टीचे खांब तपासायला पाण्याखाली उतरणारी माणसं त्यांच्याकडून सिलिंडर भरून नेत. आधी ऑक्सिजन हळूहळू सोडायचा, वरून हवा भरायची, मग लोणच्यासारखं मुरू द्यायचं. ऑक्सिजन थोडा जादा असला की खाली जास्त वेळ काम होतं. पण ठरलेल्या बत्तीस टक्क्यांपेक्षा वाढला तर खोलात झटके येतात आणि माणूस वर येतो तो दुसऱ्यांच्या हातांवर. म्हणून शेडचा कायदा एकच: ज्यानं श्वास घ्यायचा, त्यानंच मोजायचं आणि आकडा सिलिंडरवर पट्टी चिकटवून लिहायचा. घरतदादांनी स्वतः मोजलेलंही चालत नसे.

मी समोरच्या बिल्डरकडे फ्लॅट विकायचो. 'प्राणवायूने समृद्ध वसाहत' ही जाहिरात माझीच. भूमिपूजनाला घरतदादांना बोलावण्याची अक्कलही माझीच. भर मांडवात त्यांनी नळी वर धरली आणि जाहीर केलं, "तुमच्या सायबाच्या प्लॉटावर वीस पॉइंट नऊ. माज्या शेडीत वीस पॉइंट नऊ. गटाराच्या काठालाबी तितकाच." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यापुरता तो आकडा तिथेच खाली आला.

दुसऱ्या दिवशी समेट करायला मी गरम वडे घेऊन शेडमध्ये गेलो आणि प्रेमाने ऑक्सिजनच्या नळावर हात ठेवला. त्यांनी माझं बखोट धरून मला रस्त्यावर नेऊन उभं केलं. तेलाचा हात ऑक्सिजनला लागला तर भडका उडतो, हे मला ट्रकवाल्यांच्या देखत समजावण्यात आलं. वडे कुत्र्याने खाल्ले.

त्यांचा मुलगा प्रकाशही पाणबुड्याच. त्याच्या लग्नात हॉल बंद, होम आधीच पेटवलेला, धूर कोंडलेला. घरतदादांनी मंगलाष्टकं चालू असताना नळी होमावर धरली. काटा जरा खाली सरकताच ते सगळे दरवाजे उघडत सुटले. वारा शिरला, अंतरपाट व्याह्यांच्या डोक्यावर, राख नवरीच्या शालूवर. व्याही नको ते बोलले. प्रकाश सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, तुमी घरी जा."

ते गेले. मीटर पिशवीत घालून, न जेवता.

प्रकाश बायकोला घेऊन रोडपालीला राहू लागला. बापलेकाचं बोलणं बंद, पण गॅस मात्र बापाचाच. दर शनिवारी तो येई, मोजी, पट्टी लावी. दोघांमध्ये हातभर अंतर आणि निरोप्या मी, समोरच्या ऑफिसातून शनिवारी चकाट्या पिटायला येणारा. "त्याला सांगा, परत मोज." "त्यांना सांगा, बत्तीसच हाय." "त्याला सांगा, काटा बसू दे." प्रकाशचा काटा बसायला भारी वेळ लागे. इतर पाणबुड्यांचा लगेच बसायचा. मीटरमध्ये बिघाड असेल, असं मी चांगलं वर्षभर समजत होतो. फ्लॅट विकणाऱ्याची समज ती.

मग एका शनिवारी प्रकाशने मला सांगितलं की त्याची कंपनी द्रोणागिरीला स्वतःची सिलिंडर भरण्याची मशीन बसवतेय. पुढच्या आठवड्यापासून इथे यायचं कारण नाही. मी हातभर अंतरावर निरोप पोचवला. घरतदादा फडक्याने पुसलेलाच सिलिंडर पुन्हा पुसत राहिले.

प्रकाशने मोजलं. बत्तीस. पट्टी फाडायला त्याने हात उचलला.

"त्याला सांगा," घरतदादा म्हणाले, "काटा अजून हालतोय."

मी वाकून पाहिलं आणि जन्मात एकदा अचूक माहिती दिली. "छे हो दादा, खिळ्यासारखा उभा आहे."

घरतदादांनी मान खाली घातली. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं.

प्रकाश मीटरवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"हालतोय, बाबा," तो म्हणाला. "बसू दे जरा." आणि त्याने स्टूल ओढलं.

घरतदादांनी माझ्याकडे न बघता हात हलवला. "तुमी काय बगता? जा, वडे आना. तिघांना." मी दारात पोचलो तसे म्हणाले, "आनि आत नाय आनायचे. आमी भायेर येतो."