वर्तुळातली फुली

सन २००३ च्या जूनमध्ये कोल्हापुरातल्या एका कचेरीने रहिवासी दाखल्याचे दहा हजार कोरे अर्ज छापून घेतले. काम बादशहाभाईंच्या प्रेसला मिळालं. संगणकावर अर्जाची मांडणी केली ती उचगावच्या प्रसेनजीतने. तो पदार्थविज्ञानाचा बी.एस्सी.; एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंत प्रेसमध्ये काम करत होता.

छपाईसाठी फाइल एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअरने एक खिडकी उघडली. तिच्यात 'छपाईच्या खुणा' यापुढच्या चौकोनात आधीच टिक होती. ही कुणी केली, असं प्रसेनजीतने विचारलं.

"कंपनीनं," बादशहाभाई म्हणाले. "अमेरिकेत बसून केल्यात, काय तरी इचार केला असंल की. ओके दाब."

त्यामुळे अर्जाच्या चारी कोपऱ्यांत एकेक वर्तुळ आणि त्यात फुली उमटली. या खुणा मशीनवाल्यासाठी असतात आणि कागद कापला की जातात. पण कार्यादेशात छपाई होती, कटिंग नव्हतं. अर्ज न कापताच पोचले.

वर्तुळं कारकून गणपतरावांच्या नजरेस आली. त्यांनी साहेबांना विचारलं. छापलंय त्या अर्थी कशासाठी तरी असणार, या निष्कर्षावर साहेब आले आणि परिपत्रक निघालं. पहिल्या वर्तुळात अर्जदाराची सही, दुसऱ्यात तलाठ्याची, तिसऱ्यात ओळखणाऱ्याची; सही फुलीला शिवता कामा नये. चौथं वर्तुळ पुढील आदेशापर्यंत कोरं ठेवावं. वर्तुळ सहा मिलिमीटरचं होतं. महिन्याभरात कचेरीबाहेर बसून अर्ज भरून देणाऱ्या शेवंताबाई लोकांना बारीक सही शिकवू लागल्या.

प्रसेनजीतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या छपाईला त्याने ती टिक काढली. अर्ज स्वच्छ निघाले, त्यातला पहिला त्याने स्वतःसाठी भरला. एम.एस्सी.च्या प्रवेशाला शुक्रवारपर्यंत मुदत होती. दाखला नसेल तर जागा जाणार होती.

"ह्यो चालत न्हाय," गणपतराव म्हणाले. "गोल कुठायत?"

"भाऊसाहेब, ते चुकून आल्ते. ह्यो अर्ज मीच तयार केलाय."

"म्हंजे बनावट हाय, असं लिहून देताय?"

"न्हाय हो. त्या गोलांना काय अर्थच न्हाय."

"पावणं, हजारो माणसांनी सह्या केल्या त्यात. सगळी खुळी हायत व्हय?"

या युक्तिवादात नेमकी चूक कुठे आहे, ते प्रसेनजीतला दिसत होतं. पण गुरुवार होता. तो प्रेसमध्ये परतला आणि टिक पुन्हा लावली.

"म्हटलं नव्हतं तुला?" बादशहाभाई म्हणाले. "इचार केल्याला असतोय."

शुक्रवारी दाखला मिळाला. गणपतराव शिक्का शोधत होते तेवढ्यात प्रसेनजीतने टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा कुतूहलाने चाळला. एखाद्याने तरी 'हे कशासाठी?' असं समासात लिहिलं असेल, असा त्याचा अंदाज होता. तो चुकला.

तुमचाही अर्ज त्या गठ्ठ्यात होता. सही पहिल्या वर्तुळाच्या वरच्या उजव्या चतकोरात नेटकी बसली होती, फुलीला जराही न शिवता.