दुर्बलांची यादी

"यंदा गडी वाटताना अन्यायाचा एक दाणाबी सापडला, तर ही शिट्टी मी विहिरीत टाकून दीन!"

गुरुपादप्पा मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं. विहिरीत पाणी नव्हतं, त्यामुळं शिट्टी परत काढता आली असती, ही गोष्ट वेगळी!

लातूर जिल्हा होऊन नऊ-दहा महिने झाले होते. तोवर उदगीरजवळचं हे हिप्परगाव उस्मानाबाद जिल्ह्यात मोडायचं. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं. नवे शिक्के, नव्या पाट्या, आणि सॉफ्टबॉलचा नवा संघ. येत्या रविवारी लातूरहून विरूपाक्ष सर गावातल्या पोरापोरींचा सामना बघायला यायचे होते, आणि त्यातूनच जिल्ह्यासाठी नावं निवडायची होती. मोठा चेंडू, जाड दांडा, चार टप्पे पळून घरी आलं की एक धाव! मास्तर हा खेळ कॉलेजात शिकून आले होते आणि गावातल्या पोरांना त्यांनी त्याचं वेड लावलं होतं. बॅटी बाभळीच्या होत्या. हातमोजे गावात जोडे शिवणाऱ्या दगडोबानं जुन्या मोटेच्या चामड्याचे शिवून दिले होते. चेंडू मात्र खरा होता, आणि एकच होता.

मैदानाची ददात नव्हती. पावसानं दगा दिला आणि गावचं तळं आटून त्याचंच मैदान झालं. नव्या जिल्ह्यातलं सगळ्यात सपाट! संध्याकाळी मास्तर तिथं एकटेच जाऊन उभे राहत. पायाखाली फरशीसारखी भेगाळलेली माती, डोक्यावर मोकळं आभाळ. एके काळी ह्या जागी आपल्या डोक्यावरून मासे पोहत असतील, असं त्यांच्या मनात यायचं आणि ते तिथंच विरघळून जायचे. त्यांच्या बायकोला, उमाबाईंना, मग निरोप पाठवावा लागायचा, "भाकरी वाळून चालली, या म्हनावं वर!"

आदल्या साली काय झालं होतं? शेषेराव पाटलांचा नरसिंग कप्तान झाला. चौदा वर्षांचं पोर, पण अंगानं गोऱ्ह्यासारखं! त्यानं निम्मे गडी दमदाटीनं आणि निम्मे बोरं चारून आपल्याकडं ओढले. पहिल्याच डावात एकेचाळीस विरुद्ध शून्य! शून्यवाले गडी मैदानातच मांडी घालून बसले. आणि बसम्मा नावाची एक बारकी पोरगी दोन्ही संघांच्या मधोमध उभी राहिली. कारण दोन्ही कप्तान एकमेकांना म्हणत होते, "तिला तुमीच घ्या!" "न्हाई न्हाई, तुमीच घ्या!"

लहानपणी हुतूतूच्या वेळी मास्तरही असेच मधोमध उभे राहिले होते. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की पोरांच्या हातात गडी वाटायचं काम द्यायचंच नाही.

त्यांनी बेत आखला. पोरं अठरा. त्यांचे तीन भाग करायचे: सहा सबळ, सहा मध्यम, सहा दुर्बल. मग प्रत्येक भागातले तीन मांजरा संघात आणि तीन तेरणा संघात घालायचे. दोन्ही नद्या त्या साली सारख्याच कोरड्या होत्या, म्हणजे नावातही कुणाचं झुकतं माप नको! बहीणभाऊ एका संघात ठेवायचे. आणि कुठल्या संघाला मांजरा म्हणायचं नि कुठल्याला तेरणा, ते सगळ्यात शेवटी चिठ्ठीनं ठरवायचं. तराजू धरणाऱ्यालासुद्धा कळू नये, कुठलं पारडं कुणाचं!

मास्तरांनी आपल्या अंदाजानं आधी दुर्बलांची कच्ची यादी केली. न्याय नुसता करून भागत नाही, तो भिंतीवर लावावा लागतो. म्हणून पहाटेच ते चावडीवर गेले. फळ्यावर मोकळा खिळा एकच होता, वरच्या बाजूला. तिथं त्यांनी यादी अडकवली आणि गुणगुणत घरी आले.

तो खिळा 'टंचाई निवारण' ह्या अक्षरांच्या बरोबर खाली होता.

सकाळी गावानं वाचलं: टंचाई निवारण. दुर्बल. खाली सहा नावं. हरकती शनिवारपर्यंत कळवाव्यात.

झालं! न्याहारीपर्यंत बातमी फिरली, की दुर्बलांना दूध भुकटी मिळणार. दुपारी भुकटीबरोबर गोडं तेल आलं. संध्याकाळी घरटी एक शेळी झाली. आणि दिवे लागेपर्यंत ती शेळी गाभण होती!

पहिल्या आल्या चतुराबाई. लेकाला, मारोतीला, मनगटाला धरून.

"मास्तर, माझ्या मारोतीचं नाव दुर्बलात कसं न्हाई?"

"अवो, मारोती तर लई दणकट हाय!"

"हाव, वरून दणकट हाय. आतून न्हाई!"

मारोतीनं लगेच आतून नसल्यासारखं तोंड केलं.

मास्तर चकित झाले. तेवढ्यात जीप थांबली. शेषेराव पाटील उतरले. मागून नरसिंग उतरला, आणि जीप एकदम वीतभर वर उचलली गेली.

"मास्तर, ह्येला दुर्बल करा."

"पाटील, ह्यानं परवा रुतलेली बैलगाडी एकट्यानं वढून काढली!"

"त्येच तर! तवापून लई नाजूक झालाय."

रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "उमा, आपलं गाव देवमाणसांचं हाय गं. जो तो म्हनून राहिला, आमच्या पोराला खाली घाला. मोठेपणा नको, म्हनतात! मी ह्यांना उगंच नावं ठिवली."

उमाबाईंनी पळी खाली ठेवली. "अय्यो देवरे! शेषेराव पाटलानं मोठेपणा सोडला? तुमी ऊन लागल्यावानी बोलून राहिलात. कायतरी घोळ हाय."

पण मास्तर ऐकायच्या पलीकडं गेले होते. त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं, की सबंध गाव आपापल्या पोराला मागं सारतंय आणि बसम्माला पुढं करतंय.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई आल्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून, धुळीनं पांढऱ्या झालेल्या, तशाच थेट आल्या. त्यांचे मालक भीमाजी पोस्टात शिपाई होते. लेक पंचफुला बिलोलीला मावशीकडं राहून शिकायची आणि सुटीत घरी आली होती. मास्तरांनी तिला एकदाच लांबून पाहिलं होतं. काडीसारखी दिसली, म्हणून दुर्बलात लिहून टाकली.

"माझ्या लेकीला दुर्बल कुनी लिवलं?"

"मीच लिवलं, सरजाबाई. का वो?"

"खोडा."

"अवो, पर सगळा गाव तर…"

"गावाला मिळायचं ते मिळू द्या. माझ्या सासऱ्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, तवा सांगून ठिवलंय, पोटाला कमी पडंल पर कागदावर कमी व्हायाचं न्हाई. खोडा म्हन्ते ना!"

मास्तर हात जोडून म्हणाले, "बाई, माझा अंदाज चुकला आसंल. रविवारी सकाळी परीक्षा घेतो. जी पोरं चेंडू धरतील ती सबळ, जी सोडतील ती दुर्बल. मग तर झालं?"

हे शेवटचं वाक्य दाराबाहेर उभ्या असलेल्या चार जणांनी ऐकलं आणि ते चार दिशांना पळाले.

रविवारी सकाळी तळ्याच्या काठावर सगळा गाव बसला होता. परीक्षा सुरू झाली. दहा चेंडू झेलायचे, पाच फेकायचे, पाच मारायचे, एकदा पळायचं.

पहिल्यानं दहाच्या दहा सोडले. दुसऱ्यानंही. तिसऱ्याच्या हातात मास्तरांनी जवळ जाऊन चेंडू ठेवला, तर त्यानं तो तापल्या तव्यासारखा टाकून दिला! काठावर टाळ्या! पळायच्या वेळी एक पोरगं पहिल्या टप्प्यालाच झोपलं. नरसिंगनं बॅट उचलली, दोन झोकांड्या खाल्ल्या आणि "आई गं" म्हणून कोसळला. पाटलांनी अभिमानानं मिशीवर हात फिरवला. मारोती तर इतकं मन लावून पडला की त्याचा पाय खरंच मुरगळला.

मास्तर पेन्सिलीनं मांडत गेले. शून्य, शून्य, शून्य! ऊन लागून आपण स्वप्नात तर नाही ना?

बसम्मा आली. घरात ती आणि तिची आजी, दोघीच. आजी ठार बहिरी असल्यामुळं अफवा त्यांच्या घरात शिरलीच नव्हती. बसम्मानं जीव तोडून प्रयत्न केला. नऊ सुटले. दहावा तिच्या पोटावर आदळला, आणि तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला. जन्मातला पहिला झेल! तिला काही खरं वाटेना. ती चेंडू परतच देईना.

शेवटी पंचफुला. तिनं हातमोजे न घालता दहाही झेलले. बिलोलीच्या शाळेतही हा खेळ होता, ते इथं कुणाला ठाऊक! मग ती फेकायला उभी राहिली. समोर नरसिंगला बसवलं होतं. तिनं हात खालून गर्रकन फिरवला. चेंडू दिसलाच नाही! नुसता फाडकन आवाज आला, आणि तो नरसिंगच्या हातमोज्यात जाऊन रुतला.

"सोड! आरं सोड!" पाटील काठावरून ओरडले.

"निघंना झालाय, आबा!" नरसिंग रडकुंडीला आला.

निकाल असा होता: सबळ एक, पंचफुला. दुसरा नंबर बसम्मा. बाकी सोळा जण दुर्बल! मास्तरांनी दबल्या आवाजात यादी वाचली. गाव खूश! गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मग शेळ्या कवा?"

"कसल्या शेळ्या?"

"दुर्बलांच्या! गाभण!"

मास्तरांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं, की ही यादी चेंडूफळीची आहे. तळ्यात इतकी शांतता पसरली, की लांबून येणाऱ्या जीपचा आवाज ऐकू आला. लातूरची जीप!

"म्हंजे जिल्ह्याला सबळ जानार?" पाटलांनी विचारलं.

"हाव."

आणि एकच गलका उठला! "मास्तर, माझ्या पोराला सबळ करा!" "परीक्षा फिरून घ्या!" चतुराबाई लंगडणाऱ्या मारोतीला ढकलत म्हणाल्या, "आतून लई दणकट हाय वो त्यो!" नरसिंगनं मास्तरांपुढं एक दगड उचलून दाखवला.

सरजाबाई तेवढ्या पदरानं लेकीचा घाम पुसत होत्या.

फेरपरीक्षेला वेळ नव्हता. मास्तरांनी नावांच्या चिठ्ठ्या पाडल्या. पण पंचफुलाचं काय करायचं? "आमच्यात!" मांजरावाले ओढायला लागले. "आमच्यात!" तेरणावाले ओरडले. ती ज्याच्याकडं जाईल त्याचं एकेचाळीस, दुसऱ्याचं शून्य. मास्तरांनी डोळे मिटले. क्षणभर ते पाण्याखाली होते, मासे डोक्यावरून संथ चालले होते. डोळे उघडून ते म्हणाले, "ती दोन्हीकडून फेकंल. बॅटिंग कुणाकडूनच करायची न्हाई."

मारोतीला गुण लिहायला बसवलं. उरले आठ-आठ. पारडी बरोबर!

विरूपाक्ष सर खुर्चीवर बसले आणि सामना सुरू झाला. आता प्रत्येकाला आपला जोर दाखवायचा होता. नरसिंगनं बॅट अशी फिरवली की वारं सुटलं, काठावरच्या म्हाताऱ्यांना तेवढाच गारवा! पण चेंडूला बॅट लागलीच नाही. कुणाचीच लागली नाही. पंचफुला प्रत्येक डावात एका पाळीत मांजराकडून, दुसरीत तेरणाकडून फेकत राहिली. शून्य-शून्य. तिसरा डाव, चौथा, सहावा. शून्य-शून्य. ऊन कलून तळं तांबूस झालं. जगात आजवर इतका समतोल सामना झाला नसेल, असं मास्तरांना वाटलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की मारोती वहीवर डोकं ठेवून झोपलाय.

सातवा, शेवटचा डाव. मांजराचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा गेला की पाळी संपणार. बसम्मा आली. बॅट तिच्यापेक्षा जड. पंचफुलानं तिच्याकडं पाहिलं, हात फिरवला. बसम्मानं डोळे मिटले आणि बॅट ओढली.

टक्!

गाव उठून उभं राहिलं. चेंडू घरंगळत चालला, तीन पोरं त्याच्यामागं. बसम्मा पळत सुटली, चपलेसकट, चुकून उलट्या दिशेनं, मग ओरडा झाल्यावर सुलट! एक टप्पा, दोन टप्पे. आणि चेंडू? तळ्याच्या मधोमध एक हातभर रुंदीची भेग होती. चेंडू तिच्या काठावर क्षणभर थांबला, विचार केल्यासारखा, आणि आत गेला.

बसम्मा घरी पोहोचली. एक-शून्य!

"थांबा!" तेरणाचा नरसिंग ओरडला. "आमची पाळी राहिली!"

बरोबर होतं. तेरणाची शेवटची पाळी झाल्याशिवाय सामना संपत नाही. आणि चेंडू तर एकच!

पोरं पालथी पडून भेगेत हात घालायला लागली. मग आईबाप आले. पाटील धोतर सावरून पालथे झाले. विरूपाक्ष सरही पँट झटकत झोपले. काठी घातली, दोरी सोडली, कंदील सोडला. तळ लागेना. खालून मात्र गार, ओलसर वारा गालावर येत होता. हळूहळू शोधायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. सगळं गाव त्या कोरड्या तळ्यात पालथं पडून, गाल मातीला लावून, तो वारा घेत राहिलं.

"ह्या भेगेत हात घालून खरं सांग, बसम्माला तू मुद्दाम हळू टाकलंस न्हवं?" मास्तर पंचफुलाच्या कानात म्हणाले.

"घामानं हात घसरला, सर," ती भेगेत बघत म्हणाली.

आठ दिवसांनी लातूरचं पत्र आलं. ते भीमाजींनीच पोस्टातून आणलं आणि वाटेत सात जणांना वाचून दाखवलं. निवड एकच: पंचफुला. खाली शेरा होता, 'दोन्ही संघ इतके समतोल आम्ही कुठेही पाहिले नाहीत. पुढील वर्षी साऱ्या जिल्ह्याचे संघ गुरुपादप्पा मास्तरांनीच पाडावेत.' सरजाबाईंनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. तांदूळ नव्हते, म्हणून जागा होती.

पुढं तळं भरलं. चेंडूवर दोन पुरुष पाणी चढलं. पंचफुला जिल्ह्याकडून चार वर्षं खेळली. बसम्माला लेकरं झाली आणि ती त्यांना आपल्या त्या धावेची गोष्ट सांगते. गोष्टीत तिनं कुठल्या बाजूला पळायला सुरुवात केली, ते येत नाही.

मास्तर निवृत्त झाले. सगळं सुरळीत पार पडलं म्हणायचं! फक्त उदगीरच्या बाजारात जायचं असलं, की ते अलीकडं मागच्या गल्लीनं जातात. कारण धान्याच्या मोंढ्यापाशी नरसिंग पाटलाचं दुकान आहे. मिशा पांढऱ्या झाल्या, नातू मांडीवर आला, तरी मास्तर दिसले की तो गादीवरून उठून, भर बाजारात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत हाक मारतो:

"मास्तर! आमची पाळी राहिली!"