पाळण्याबाहेरची नावं

आमच्या गल्लीत मूल जन्माला आलं की पेढ्यांच्या आधी वच्छलाआत्या येते. बाळाचं वजन किती, बाळ कोणावर गेलं, नाक कोणाचं, असल्या गोष्टींशी तिला काही देणंघेणं नसतं. ती खाटेपाशी उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि बाळंतिणीला एकच प्रश्न विचारते.

"कळ आली तवा हातात काय होतं?"

बाळंतीण जे सांगेल ते बाळाचं नाव. यात दुरुस्ती नाही, अपील नाही. समोरच्या घराचे पत्रे वावधनात, म्हणजे वादळात, उडायला लागले तेव्हा त्या घरची सून छपराखालचा टेकू धरून उभी होती, म्हणून तिचा मुलगा टेकू. पलीकडच्या घरात दिवाळीची रंगरंगोटी चालली होती, ती पोरगी शिडी. एकीनं कबूल केलं की आपण सोफ्यावर बसून मालिका बघत होतो. आत्यानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. रिमोट. घर चालवन पोट्टा."

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हे सगळं मी गेली अकरा वर्षं जवळून पाहत आलो आहे. आत्या शेजारच्या दिगंबरभाऊंची थोरली बहीण. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याइतका. डाळमिलमध्ये तीस वर्षं डाळ निवडली. त्यामुळे असेल, पण समोर काहीही आलं की त्यातला खडा तिला आधी दिसतो. माझ्यातले तिनं पहिल्याच आठवड्यात सगळे वेचून काढले होते.

आता तुम्ही म्हणाल, लोक ऐकून कसं घेतात? घेत नाहीत. भांडतात. पोथ्या बघून, मोबाइल बघून, मामाला फोन लावून एकेकानं नावं शोधलेली असतात आणि ही बाई दारातून "टेकू कसा हाये?" म्हणून ओरडते. पण नावं चिकटतात. टेकूचं कागदावरचं नाव रेयांश. आमच्या अंगणवाडीत रेयांश तीन. सेविकाबाईंनी "रेयांश, खिचडी" म्हटलं की तिघं ताटल्या घेऊन धावायचे आणि रोज एक रडायचा. शेवटी बाईंनी हात टेकले आणि हजेरीतच कंसात टेकू लिहिलं.

कोपऱ्यावर एक इंजिनीअर जोडपं भाड्यानं राहायला होतं. बायको भजी तळत असताना कळा सुरू झाल्या. आत्यानं नाव दिलं झारा. ते दोघांना इतकं आधुनिक वाटलं, इतकं वाटलं, की थेट जन्मदाखल्यावर टाकलं. बदली होऊन ते पुण्याला गेले. त्यांना खरं काय ते गल्लीनं अजून सांगितलेलं नाही.

"आत्या," मी एकदा तिला म्हटलं, "जरा बरी नावं ठेवावीत. अर्थ असलेली."

"मंग रेयांश म्हंजे काय ते दाखव मले. कोण्या फळीवर ठेवला हाये? टेकू मी तुले आत्ता आणून देतो. डोक्शात हाणूनबी दाखवतो."

वऱ्हाडातल्या जुन्या बाया स्वतःला 'देतो' 'जातो'च म्हणतात, त्यामुळे धमकी आणखी मर्दानी वाटते. मी पुढे वाद घातला नाही.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी मात्र घातला. दवाखान्यात निघताना बायको दाराला कुलूप लावत होती, तेव्हाच जोराची कळ आली. झालं. मुलीचं नाव किल्ली. मी समृद्धी ठरवलं होतं, आमंत्रणं छापली होती. मी तावातावानं म्हणालो, "आत्या, घराबाहेर पडताना माणसाच्या हातात किल्लीच असणार!"

"मंग घराबाहेर पडतानीच काहून आली कळ? स्वयंपाकघरात याले काय झालं होतं तिले?"

समृद्धी आज आठ वर्षांची आहे आणि त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नाही.

इतकी नावं ठेवली, पण आत्या एकाही बारशात पाळण्यापाशी बसली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि त्याच वेळी मागून बाकीच्या बाया तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घालतात. वच्छलाआत्याला हा मान मिळाला असता तो एकदाच, तिच्या भाच्याच्या बारशात. दिगंबरभाऊंचा नितीन जन्मला तेव्हा. पण त्याच्या चार महिने आधी तिचा नवरा वारला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती माहेरी आली होती ती कायमचीच. बारशाच्या दिवशी तिला सांगण्यात आलं, तुम्ही आत बसा, शिऱ्याकडे पाहा. नात्यातल्या कोण्या दुसऱ्या बाईनं कुर्रर्र केलं आणि आत्यानं शिरा ढवळला. नंतर दुसऱ्यांच्या बारशात तिला कोणी 'आत बसा' म्हणायची वेळच आली नाही, ती आपणहून बसायची. नावं ठेवायची ती बाहेर, दारात, पाळण्याला हात न लावता.

तर गेल्या वर्षी नितीनच्या बायकोला, स्नेहलला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, अमरावतीला, असं ठरलेलं. तिची आई पुढच्या आठवड्यात न्यायला येणार होती. पण बाळाला धीर नव्हता. दिगंबरभाऊ आणि त्यांची बायको मंदाताई फुलसावंगीला लग्नाला गेलेले, नितीन ड्युटीवर. भर दुपारी घरात स्नेहल आणि आत्या दोघीच. आत्यानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून अशी हाक मारली की दोन ऑटो एकदम थांबले. चांगल्यातला निवडून तिनं स्नेहलला यवतमाळला नेलं आणि संध्याकाळी मुलगी झाली.

आणि मग गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं असं घडलं. आत्यानं विचारलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. बायका वाट पाहत होत्या. शेवटी माझ्या बायकोनंच विषय काढला, "आत्या, हातात काय होतं म्हणे तिच्या?"

"नाव ठरलं हाये त्याइचं. वियांशी. चांगलं हाये."

चांगलं हाये! आत्याच्या तोंडून! किल्लीला ताप आला होता तेव्हासुद्धा माझी बायको इतकी घाबरली नव्हती. ती घरी येऊन मला म्हणाली, "म्हातारीची तब्येत बरी नाही वाटतं."

बाराव्या दिवशी बारसं. अंगणात मांडव, गुलाबी फुगे, आणि मांडवाच्या तोंडाशी दारापेक्षा मोठा फ्लेक्स, त्यावर सोनेरी अक्षरांत 'वियांशी'. नितीनला बहीण नाही, म्हणून नात्यातली एक चुलत आत्या नागपूरहून आणली होती. ही व्यवस्था स्नेहलच्या आईची. वच्छलाआत्या स्वयंपाकघरात, घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी. तिला कोणी आत बस म्हटलं नव्हतं. आता म्हणायची गरजही उरली नव्हती.

पाळणा सजला. बायांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं. नागपूरची आत्या केस सावरून वाकली. मोबाइल वर झाले.

"थांबा," स्नेहल म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

"काय विचारायचं राह्यलं आता?" तिची आई.

"हातात काय होतं ते."

आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया पाळणा सोडून तिच्याकडे बघायला लागल्या. स्नेहलनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आत्याबाई, बाहेर या. साऱ्या गल्लीला विचारता, मलाच काहून नाही विचारलं?"

आत्या दारात आली. हातात झाकणी होती. "तुह्या मनासारखं नाव ठरलं हाये बाई. होऊ दे आता."

"पदर होता. तुमचा. घरातून धरला तो ऑटोत सोडला नाही, दवाखान्यात सोडला नाही. नर्सनं एकेक बोट उचलून सोडवला." स्नेहलचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत पोहोचत होता. "माझ्या मुलीचं नाव पदर. आणि ते तुम्हीच सांगायचं तिच्या कानात."

"अगं, पण त्या तर..." स्नेहलची आई पुटपुटली.

"त्या काय, आई?"

तेवढ्यात मंदाताई उठल्या. त्या एरवी नणंदेशी मोजकंच बोलतात. सरळ जाऊन त्यांनी आत्याच्या हातातली झाकणी काढून घेतली आणि म्हणाल्या, "नितीनच्या वक्ताला मीच म्हटलं होतं, आत बसा. तवा मले अक्कल नव्हती. चाला जी बाई, बसा पाळण्यापाशी. घुगऱ्या मी पाह्यतो."

नागपूरची आत्या शहाणी निघाली. तिनं हसत जागा दिली, शिवाय मोबाइलही चालू ठेवला.

वच्छलाआत्या बसली. वाकली. तो भोंग्यासारखा आवाज कुठे गेला कोण जाणे, कुर्रर्र इतकं हळू आलं की बाळानंच ते ऐकलं असेल. मग मात्र बायांनी जे हात धुऊन घेतले! टेकूची आई, शिडीची आई, रिमोटची आजी, माझी बायको, सगळ्यांनी वर्षानुवर्षांची बाकी त्या पाठीवर चुकती केली. किल्ली दोन्ही हातांनी बडवत होती. "हळू वो बायांनो, हाडं मोडता का माह्ये!" आत्या ओरडत होती आणि पाठ मात्र जराही बाजूला घेत नव्हती. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो, आणि मला रडू आलं हे लपवण्यात आता अर्थ नाही. दिगंबरभाऊंनी खुर्चीवर चढून तो फ्लेक्स काढला आणि गुंडाळून ठेवला. पुढच्या आठवड्यात जन्मदाखल्याच्या खिडकीवरच्या माणसानं दोनदा विचारलं, 'पदरच ना?' नितीननं दोन्ही वेळा हो म्हटलं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं घुगऱ्यांचं पातेलं परत द्यायला गेलो. आत्या मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. मांडीवर एक हिरवं सुती लुगडं. त्याच्या पदराचं टोक चुरगळून त्याचा नुसता बोळा झालेला.

"हे त्या दिवशीचं?" मी विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, तिच्या हातात काय होतं ते?"

"मले नाही त कोणाले माईत असन? माह्याच खांद्यावरून ओढला जात होता ना तो."

"मग विचारलं का नाही?"

तिनं त्या चुरगळलेल्या टोकावर हात ठेवला, पण सरळ केलं नाही. "इचारलं असतं, आन् ते म्हटली असती का ध्यानात नाही, त? दुसऱ्याच्या लेकीसुनांले इचारता येते रे. आपल्या मानसाले इचाराले भेव वाटते. बारा दिवस हे असंच पेटीत ठेवलं. म्हटलं, तिनं नाही सांगतलं तरी एवढं त माह्यापाशी राह्यन."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला आणि मागोमाग स्नेहलची हाक, "आत्याबाई, पदर उठली!"

"आलो, आलो!" भोंगा पुन्हा वाजला. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, मोरीतल्या बादलीत साबणाचा चुरा टाकला, त्यात ते लुगडं पार तळापर्यंत दाबलं, आणि ओले हात पुसत बाळाकडे धावली.