दत्तूभाऊजींची गोगलगाय

दत्तूभाऊजी आलेल्या लग्नपत्रिका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून यजमानांना परत पाठवायचे. त्यामुळे त्यांना फारशी आमंत्रणं येत नसत.

बाळांनो, हे तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ. मूळचे कोरेगावचे. सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. तुम्ही परवा फोनवर सांगत होतात ना, मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये शब्द शोधायच्या नव्या खुणा घालायच्या आहेत, पण जुन्या खुणांचा अर्थ मोडता कामा नये, म्हणून डोकं पिकलंय? तेव्हा मला भाऊजीच आठवले.

एकच नाव मजकुरात पुन्हा पुन्हा चुकलेलं असलं, की ते दर ठिकाणी नव्याने लिहायचा त्यांना कंटाळा. म्हणून त्यांनी एक खूण काढली. पहिल्या ठिकाणी दुरुस्ती लिहायची. पुढे त्या नावाला ने, ला, चा असं कोणतंही शेपूट असो, वर नुसती खूण करायची. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने शेपूट तसंच ठेवून नाव तेवढं बदलायचं. खूण मात्र गोगलगाईसारखी, वेटोळी आणि वर दोन शिंगं.

"एवढं नक्षीकाम कशाला? फुली मारा की," मी म्हटलं.

"फुली गुंतलीया, वैनी. फुली म्हंजे शब्द काढायचा. अण्णांच्या हातात ते लय वर्सं बसलंय. नवं येऊ द्या, पण जुनं चाललं पायजे."

अण्णा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने जुळारी.

"मग शिंगं तरी काढा."

"शिंगं काढली तर जिलबी हुईल."

मालकांना मात्र गोगलगाईचा वेग परवडेना. "उद्यापासून तिच्या जागी फुली," त्यांनी फर्मावलं. अण्णांनी मान डोलावली.

लग्नसराईत माधवनगरची एक पत्रिका आली. नवरदेवाचं नाव सगळीकडे चुकलेलं. भाऊजींनी ते पाकिटावर दुरुस्त केलं आणि आत हुकमाप्रमाणे फुल्या मारल्या. अण्णांचा हात सवयीने चालला. त्यांनी मन लावून प्रत्येक फुलीखालचा नवरदेव उचलून टाकला. घाईत दुसरं प्रूफ निघालंच नाही. पत्रिका छापून झाल्या तेव्हा नवरदेव फक्त पाकिटावर होता. आत मुलीचं लग्न कुणाशी आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

"अण्णा, आता तुम्ही घरी बसा," मालक म्हणाले.

भाऊजी पुढे झाले. "अण्णांनी बरुबर केलं. मी जुन्या अर्थानंच फुली मारली हुती. नवरा मीच काढला."

"अहो, लग्नपत्रिकेतून नवरा कोण काढतं?"

"माझ्याच्यानं निघाला."

मालकांनी दोघांनाही कामाला पिटाळलं. शेवटी पत्रिका पुन्हा छापल्या, अण्णा कामावर राहिले आणि फुलीला तिचा जुना अर्थ परत मिळाला.

हे सगळं भाऊजींनी रविवारी आमच्याकडे चहा पिताना सांगितलं.

"म्हणजे खोटं बोललात," मी म्हटलं. "तुमचीच नोकरी गेली असती तर?"

"दुसरीकडं मिळाली असती." त्यांनी बशीतला चहा फुंकला, पण प्यायले नाहीत. "आवं वैनी, अण्णा घरी बसलं असतं, तर दुपारी डबा उघडून मी कुणाच्या समोर बसायचो?"